सासूबाईंचा मेक्सिको

ग्रेटाउन हे न्यूझीलंडमधलं फार देखणं गाव आहे, असं माझ्या नवऱ्याचं ठाम मत आहे. हे मत त्याने एका माहितीपत्रकावरून बनवलं, पण आता ते त्याचं स्वतःचं झालंय. म्हणून फेब्रुवारीतल्या शेवटच्या रविवारी आम्ही चौघं जॉन्सनव्हिलहून निघालो, रिमुटाकाचा घाट चढलो, घाटात सुखदा नेहमीप्रमाणे ओकली, आणि ग्रेटाउनच्या एकुलत्या एक मोठ्या रस्त्यावर गाडी लावून गुरुनाथने आपल्या आईला विचारलं, "काय आई, कसं वाटतंय?"

आईंनी रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट पाहून घेतलं. रंगवलेली लाकडी दुकानं, कुंड्यांमधली फुलं, एक म्हातारा आणि त्याचं म्हातारं कुत्रं.

"छान आहे हो," त्या म्हणाल्या. "गावाला आज सुट्टी आहे का?"

"आज रविवार आहे, आई."

"रविवार! आमच्या मेक्सिकोत रविवारी रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसायची."

मी सुखदाकडे पाहिलं, सुखदाने माझ्याकडे. आमची मुलगी, दहा वर्षांची आहे. मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीतच देते. "हिअर वी गो," ती म्हणाली.

'आमच्या मेक्सिकोत' हे ऐकून कोणाचाही समज होईल की माझ्या सासूबाईंचं, म्हणजे स्नेहलताबाईंचं, माहेर मेक्सिकोचं असावं. माहेर सांगलीचं, सासर पुण्याचं. मेक्सिकोत त्या राहिल्या दीड वर्ष, तेही पन्नास वर्षांपूर्वी. माझे सासरे, रवींद्र, गव्हाच्या बियाण्यावर काम करायचे. मेक्सिकोचा गहू आपल्याकडे येत होता त्या काळात त्यांना तिकडे शिकायला पाठवलं होतं. लग्न नवीन होतं, म्हणून आईही गेल्या. टेक्सकोको नावाचं गाव, वरच्या मजल्यावर दोन खोल्या, खाली कोन्सुएलो नावाची घरमालकीण, समोर बाजार. एवढंच भांडवल. पण एवढ्या भांडवलावर त्यांनी आयुष्यभर दुकान चालवलं. लग्नानंतर चार वर्षं मी पुण्याला त्यांच्याकडे राहिले. आंबा कापला की 'मेक्सिकोत यावर तिखट घालतात'. पाहुणे लवकर उठले की 'मेक्सिकोत माणसं अशी घाईत नसतात'. भिशीतल्या बायका त्यांना पाठीमागे मेक्सिकोवाल्या म्हणायच्या आणि मला वाटतं, तोंडावरही म्हणायच्या.

सासरे गेले त्याला दोन वर्षं होत आली होती. पुण्याला आई एकट्या. गुरुनाथ एकुलता एक. डिसेंबरात आई आमच्याकडे आल्या तेव्हाच त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं की आता आईला परत पाठवायचं नाही. परतीचं तिकीट मार्चअखेरचं होतं. ते रद्द करायचं, इथे कायम राहण्याचा अर्ज भरायचा, झालं. फक्त आईंनी 'हो' म्हणायचं बाकी होतं, आणि त्या 'बघू' म्हणत होत्या. आमच्या घरात 'बघू'चा अर्थ 'नाही' असा होतो, हे गुरुनाथ सोडून सगळ्यांना माहीत आहे. माझं मत कोणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मी 'राहू देत की' म्हणाले असते. सून दुसरं काय म्हणणार?

गुरुनाथ इंजिनियर आहे. भूकंप झाला तर वेलिंग्टनचे पूल टिकतील का, याची गणितं करणं हे त्याचं काम. आईच्या बाबतीतही त्याने गणित मांडलं. आईला मेक्सिको आवडतो. आईने इथे राहायला हवं. म्हणजे इथेच मेक्सिको उभा केला की काम झालं. वेलिंग्टनचे पूल अजून उभे आहेत त्यात देवाचाही हात असावा, असं मला तेव्हापासून वाटायला लागलं.

आधी त्याने सुपरमार्केटमधून टाकोचं खोकं आणलं. आईंनी त्यातलं एक कुरकुरीत टाको हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, "हा पापड कोणी दुमडला?" मग एक भली मोठी गवती टोपी आली. ती सुखदाने दोन दिवस घातली आणि तिसऱ्या दिवशी शेजारच्या मांजरीने तिच्यात पिल्लं घातली. मग एक काटेरी निवडुंग आला, तो जॉन्सनव्हिलच्या वाऱ्याने उपटून शेजाऱ्यांच्या अंगणात नेला. शेजाऱ्यांचा मांजरीसकट आमच्याशी संबंध वाढला तो असा.

त्यातच एकदा आई बोलून गेल्या की खरी मक्याची पोळी अशी नसते. तिला नुसतं पीठ चालत नाही. अख्खे वाळलेले दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवायचे, रात्रभर तसेच ठेवायचे, सकाळी चोळचोळून साल काढायची आणि मग वाटायचं. चुना कुठला, तर पानाला लावतात तोच. कोन्सुएलोने शिकवलेलं. झालं! चुना जॉन्सनव्हिलच्या देशी दुकानात मिळाला. अख्खा मका काही मिळेना. आणि ग्रेटाउनहून परतताना फेदरस्टनमध्ये गुरुनाथने एकदम ब्रेक मारला, एका दुकानात शिरला आणि पाठीवर पोतं घेऊन बाहेर आला. आजवर हमाली कधी केली नसल्यामुळे तो फार आनंदात होता.

मी पोत्यावरचं कोंबडीचं चित्र पाहिलं.

"गुरुनाथ, हे कोंबड्यांचं खाद्य आहे."

"मका तो मका."

"त्याच्यावर काय फवारलंय ते कोंबडीला विचारणार आहेस का? मी फार्मासिस्ट आहे. माझ्या स्वयंपाकघरात हे येणार नाही."

"आई, तू सांग हिला."

आई पुढच्या सीटवर शांत बसून होत्या. "बघू," त्या म्हणाल्या. पोतं आमच्या गॅरेजमध्ये गेलं आणि तिथेच राहिलं.

रविवारी ही अशी गावं दाखवायची, आणि आठवड्याचे बाकीचे दिवस? बाकीचे दिवस आईंनी बसायचं. "आई, तू बस," हे गुरुनाथचं पालुपद होतं. भांडी? तू बस. भाजी? तू बस. इथली शेगडी वेगळी आहे, तू बस. खाली कोपऱ्यावर डेअरी आहे, म्हणजे इथलं वाण्याचं दुकान, तिथपर्यंत जायचं म्हटलं तर उतार आहे, वारा आहे, मी संध्याकाळी गाडीने नेतो, तू बस. किल्लीसुद्धा त्यांच्याकडे नव्हती, कारण एकटीने बाहेर जायचंच नव्हतं. हे सगळं प्रेमापोटी होतं, त्यात तिळमात्र शंका नाही. देवाची मूर्तीसुद्धा पूजेच्या वेळी उचलून पुसतात, पण आईंना सोफ्यावरून कोणी उचलत नव्हतं.

मी तरी काय वेगळी होते म्हणा. त्या आल्यापासून रात्रीची भांडी रात्रीच घासून ठेवत होते. सकाळी त्या उठायच्या आत ओटा लखलखीत आणि माझे केस बांधलेले. कोणी सांगितलं नव्हतं. आपोआप होत होतं.

पुढच्या रविवारी ओटाकी. गुरुनाथच्या मते तिथे इतिहास होता. इतिहास सापडण्याआधी आम्हाला एका हॉलच्या आवारात भरलेला बाजार सापडला. जुने कपडे, रोपटी, मुरंबे, कोणाच्या तरी आजोबांची गळ टाकायची काठी. सुखदा जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, फटफटवत पुढे पळाली. आणि आई मध्येच थांबल्या.

एका टेबलामागे पांढऱ्या केसांची, ऐसपैस अंगाची एक माओरी बाई बसली होती. टेबलावर लोणच्याच्या बाटल्या आणि एका मोठ्या पातेल्यात शिजलेला मका. आईंनी न विचारता त्यातला एक दाणा उचलला, दोन बोटांत दाबला आणि डोळ्यांजवळ नेला.

"याची साल काढलीय," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "कशाने?"

बाईने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. साडी, स्वेटर, पायात मोजे आणि बूट. "राखेने," ती म्हणाली. "चुलीतली राख पाण्यात कालवायची, त्यात मका उकळायचा. माझी आजी करायची. आम्ही याला कांगा म्हणतो."

"मेक्सिकोत चुन्याने करतात."

"असं? तू मेक्सिकोची?"

"नाही," आई म्हणाल्या, आणि जरा थांबून, "थोडीशी."

तिचं नाव नायरी. त्यानंतर त्या दोघी अशा बोलायला लागल्या की जणू एकाच नळावर पाणी भरत वाढल्या असाव्यात. राख कुठल्या लाकडाची, किती वेळ उकळायचं, किती पाण्यांत धुवायचं. आईंचं इंग्रजी सांगलीच्या शाळेतलं, नायरीचं ओटाकीतलं, अडत कोणाचंच नव्हतं. गुरुनाथने फोटो काढले. मग त्याचं गणित चालू झालं, आणि तो पातेलंच विकत घ्यायची भाषा करायला लागला.

नायरी म्हणाली, "पातेलं कशाला? बुधवारी घरी नवीन घाणा टाकणार आहे. ये की मदतीला. इथून मागची गल्ली, हिरवं फाटक."

"बुधवारी मला मीटिंग आहे," गुरुनाथ म्हणाला. "शनिवारी चालेल का? मी आईला घेऊन येतो."

"मी तुला कुठे बोलावलंय, डियर?" नायरी म्हणाली.

परतताना गाडीत गुरुनाथने आधी जॉन्सनव्हिलपर्यंतचे किलोमीटर मोजले. मग म्हणाला, "आई, एवढ्या लांब तू एकटी कशी जाणार? शक्यच नाही. आपण नंतर कधीतरी जाऊ सगळे."

"बघू," आई म्हणाल्या. मला वाटलं, नेहमीचंच.

बुधवारी दुपारी मी दुकानात होते. एका आजोबांना रक्तदाबाच्या गोळ्या समजावून सांगत होते, तेवढ्यात फोन आला.

"नीलांबरी, मी पोचले हं."

"कुठे?"

"ओटाकीला. आधी आपली जॉन्सनव्हिलची गाडी, मग वेलिंग्टनला दुसरी, आणि मग बस. बसचा ड्रायव्हर फार सज्जन निघाला गं. त्याची मुलगी नर्स आहे. त्याने अगदी फाटकाशी उतरवलं."

"आई! अहो, सांगून तरी जायचं!"

"सांगितलं असतं तर गुरुनाथने सोडायला रजा काढली असती. दार ओढून घेतलंय. किल्ली नाही माझ्याकडे, तेव्हा तुम्ही घरी आल्याशिवाय मला काही आत जाता येणार नाही. म्हणून म्हटलं, सावकाश येते. ठेवते, हा फोन नायरीचा आहे."

गुरुनाथला कळवणं भाग होतं. तो पलीकडून "एकटी?" एवढंच म्हणाला, आणि अर्ध्या तासात दुकानापुढे गाडीचा हॉर्न. मी सुखदाची शाळेनंतर मैत्रिणीकडे सोय लावली, सहकारिणीच्या हातापाया पडले आणि गाडीत बसले.

"तिला काही झालं असतं तर?" पहिल्या सिग्नलपासून त्याचं चालू झालं. "चुकली असती तर? पडली असती तर? परका देश आहे, नीलांबरी."

"त्यांनी याहून परक्या देशात भाषा येत नसताना बाजार केलाय."

"तेव्हा बाबा होते बरोबर."

"बाबा दिवसभर शेतावर असायचे. तूच तर सांगतोस."

यावर तो पुकेरुआ बे येईपर्यंत पुढच्या ट्रकला शिव्या देत राहिला. त्याच्या कपाळावर आठ्या होत्या, आणि मला त्याची कीव आली. त्याचे वडील गेले तेव्हा तो वेळेवर पोचू शकला नव्हता. विमानं बदलत बदलत पुण्याला गेला तोवर सगळं आटोपलं होतं. त्याबद्दल तो कधीच बोलत नाही. फक्त आईला 'तू बस' म्हणतो.

हिरव्या फाटकातून आत शिरलो तर मागच्या अंगणात हसण्याचा गलका. उघड्या चुलीवर एक मोठं पिंप रटरटत होतं, आणि त्याच्या बाजूला माझ्या सासूबाई. साडी कमरेला खोचलेली, पायात नायरीचे गमबूट, गालावर राखेचा पट्टा. कशावर हसत होत्या देव जाणे, पण मान मागे टाकून, तोंड उघडून हसत होत्या. लग्नाला चौदा वर्षं झाली माझ्या. त्यांचे मागचे दात मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

"आई!" गुरुनाथ ओरडला. "एक फोन करता येत नव्हता?"

"केला की. नीलांबरीला."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू कट मी केला होता. तो आणखी काही बोलणार तेवढ्यात नायरीने माओरीत नमस्कार करत त्याच्या हातात कुऱ्हाड दिली. "किया ओरा. मुलगा ना तू? बरा आलास. त्या शेडमागे लाकडं आहेत. विस्तव मरतोय."

गुरुनाथला भूकंपाचं गणित येतं, पण पांढऱ्या केसांच्या बाईला 'नाही' म्हणता येत नाही. तो नीट इस्त्रीच्या शर्टात शेडमागे गेला. थोड्या वेळाने ठक् असा आवाज आला, मग बराच वेळ काहीच नाही, मग पुन्हा ठक्. "लाकूड जिंकतंय," नायरी म्हणाली आणि त्याला शिकवायला गेली.

आईंनी घमेलं माझ्यापुढे सरकवलं. "हात लाव जरा." मी बाह्या वर केल्या. कोमट पाण्यात मका घेऊन तळव्यांमध्ये चोळायचा, की साल सुटून वर तरंगते. बोटं बुळबुळीत होतात, पण काम छान आहे, डोकं रिकामं होतं. ऊन चांगलं कडक होतं. इथल्या मार्चमध्ये असे दोनचार दिवस येतात.

"घ्या," मी म्हणाले, "सापडला एकदाचा तुमचा मेक्सिको. गुरुनाथने उगीच गवती टोप्या आणल्या. आता राहा इथेच."

"नाही गं. मी जाणार."

इतक्या सहज म्हणाल्या की मला आधी कळलंच नाही.

"का? इथे काय कमी आहे?"

"कमी काही नाही." त्यांनी वरची सालं ओंजळीने काढून गवतावर टाकली. "तुला काय वाटतं, मला मेक्सिको मक्यासाठी आवडायचा?"

"मग?"

"माझं लग्न झालं तेव्हा घर माणसांनी भरलेलं. हळू बोलायचं, हसायचं तर पदराआड. सवयच लागली त्याची. टेक्सकोकोला पहिल्या दिवशी हे शेतावर गेले, मी दार लावून घेतलं आणि जोरात ओरडले."

"काय ओरडलात?"

"काही नाही. नुसतीच ओरडले. कोन्सुएलो लाटणं घेऊन धावत वर आली, तिला वाटलं घरात चोर शिरला." त्या पुन्हा तशाच हसल्या. "दीड वर्ष मी कोणाची सून नव्हते, नीलांबरी. भाजी करपली तर करपली. दुपारी झोपले तर झोपले. ह्यांना आणखी दोन वर्षं थांबा म्हणत होते तिथले लोक. सासूबाईंनी बोलावलं, आलो. वाईट नव्हत्या त्या. मला कधी टाकून बोलल्या नाहीत. पण घरात पाऊल टाकलं आणि मी पुन्हा हळू बोलायला लागले."

मी चोळत राहिले. शेडमागून ठक् ठक् येत होतं, आता जरा लयीत.

"मग तू आलीस," त्या म्हणाल्या, "आणि माझ्या घरात तू हळू बोलायला लागलीस. मला दिसत होतं. मी तुला काही म्हणत नव्हते, तरी तू हळूच. डिसेंबरात इथे आले ना, त्या पहिल्या सकाळी तू आंघोळ करताना गात होतीस. मला वाटलं, रेडिओ लावलाय कोणी. चार वर्षं एका घरात राहिलो आपण, मला तुझा आवाजच माहीत नव्हता. दुसऱ्या दिवसापासून बंद. मी घरात आहे हे आठवलं असेल तुला."

मला खरंच कळलं नव्हतं. तीन महिने मी गात नव्हते आणि मला पत्ताही नव्हता.

"तसं काही नाही हो, आई."

"तसंच आहे. त्यात तुझी चूक नाही आणि माझीही नाही. पण हा तुझा मेक्सिको आहे. त्यात मी सासू होऊन यायचं नाही."

 रडू आलं, पण त्याच्या आधी, पापणी लवते तेवढ्यात, मला हायसं वाटलं. आणि ते त्यांनी पाहिलं. माझ्या चेहऱ्याकडेच बघत होत्या. लाजेने माझे कान तापले. त्या मात्र काही वाटून न घेता घमेल्यात हात घालून बसल्या होत्या.

"राहा ना," मी म्हणाले. आता मनापासून म्हणत होते. ही गमबूट घालून हसणारी बाई मला चौदा वर्षांत भेटली नव्हती. आता कुठे भेटली, तर निघाली. मला तिचा रागच आला. "मी गाईन. तुम्ही असलात तरी गाईन. मोठ्यांदा."

"गाशील. आठवडाभर. मग एक दिवस मी ओट्यापाशी येईन आणि तुझा हात थांबेल." त्यांनी ओल्या हाताने माझ्या गालाला लागलेली साल काढली. "येत जाईन की मी. पाहुणी म्हणून. इकडे ओटाकीलाही येईन. पाहुणीपुढे माणूस गातं."

"आणि गुरुनाथला काय सांगू?"

त्यांनी शेडकडे पाहिलं. गुरुनाथ लाकडांची मोळी छातीशी धरून येत होता. शर्ट घामाने भिजलेला, चेहऱ्यावर शाळेत पहिला नंबर आल्याचा आनंद.

"हे सगळं त्याला नको सांगूस. त्याला वाटेल, आपलं काहीतरी चुकलं. वडिलांच्या वेळेपासून तसंच वाटतंय त्याला." मग हळूच म्हणाल्या, "सांग, आईला थंडी सोसत नाही."

निघताना नायरीने एका डब्यात मका भरून दिला. आईंना मिठी मारली, माझ्या पाठीवर थाप मारली आणि गुरुनाथला सांगितलं की त्याला लाकडं फोडता येत नाहीत, पण मुलगा चांगला आहे. तो खूश झाला.

आई पुढे बसल्या, मी मागे. गाडी तापून भट्टी झाली होती. खिडक्या उघडून आम्ही निघालो. पायकाकारिकीच्या पुढे समुद्र अगदी रस्त्याला लागतो. तिथे गुरुनाथने विचारलं. नेहमी तो 'राहणार ना?' असं विचारायचा. या वेळी वेगळं विचारलं.

"आई, खरं सांग. तुझ्या मनात राहायचं नाहीये ना?"

आई समुद्राकडे बघत राहिल्या. मला मागून त्यांचा फक्त अंबाडा दिसत होता आणि त्यात अडकलेली थोडी राख.

"त्यांना इथली थंडी सोसत नाही रे, गुरुनाथ," मी म्हणाले. "आता उन्हाळा आहे म्हणून ठीक आहे. हिवाळ्यात त्यांचे हाल होतील."

 एक वळण गेलं, दुसरं गेलं. आरशात त्याचे डोळे दिसत होते, भरून आलेले. मग त्याने एकेक करून चारी खिडक्या वर केल्या, हात पुढे नेला आणि गाडीतला हीटर शेवटपर्यंत फिरवला. गरम वारा भस्सकन आत आला.

"असं आधी सांगायचं ना, आई," तो म्हणाला. "बघ, आता बरं वाटेल. घरीही सगळीकडे लावून घेऊ आपण. प्रत्येक खोलीत."

आईंनी पदर दोन्ही खांद्यांवरून पुढे ओढला आणि छातीशी घट्ट धरला.

"हो रे," त्या म्हणाल्या. "आता कसं छान वाटतंय." त्यांच्या मानेवरून घामाच्या धारा लागल्या होत्या.